एकट्याचं विरजण

फार फार मागची गोष्ट. तेव्हा जनावरं बोलायची, पण कामापुरतंच, आणि माणसं बिनकामाचं बोलायची, जशी आजही बोलतात. त्या काळी एका पोरानं एक पैज घेतली. इतकी येडपट पैज, की लावणाऱ्यालासुद्धा वाटलं नव्हतं कुणी घेईल म्हणून.

पोराचं नाव गमलियेल. पण एवढं लांबलचक नाव हाकेला परवडत नाही, म्हणून सगळे त्याला गमल्या म्हणायचे. पैज लावणारा त्याचा दोस्त लेवी, म्हणजे लेव्या.

लेव्या म्हणाला, "तू देवाचा एवढा लाडका ना? मग सांजबैठकीला न जाता, एकट्यानं प्रार्थना करून, एकट्याच्या गाडग्यात दही लावून दाखव. तबीच्या घरच्या मडक्यापेक्षा घट्ट लागलं, तर तुझ्या म्हशीचं शेण जन्मभर मी काढीन."

"आणि नाही लागलं तर?"

"तर माझ्या म्हशीचं तू काढ. आधीच सांगतो, ती लय हागते."

"लागली पैज!" गमल्या म्हणाला आणि हातावर हात मारला.

आता तुम्ही विचाराल, दह्याचा आणि प्रार्थनेचा संबंध काय? सांगतो की. घाई कुणाला आहे?

डोंगराच्या कुशीत एक छोटी वाडी होती. सगळे येशूला मानणारे, सगळे म्हशी राखणारे. त्यांचे वाडवडील डोंगरापलीकडून आले, तेव्हा कडेवर पोरं होती आणि डोक्यावर दह्याचं एक मडकं होतं. बस्स, एवढीच इस्टेट. त्या दह्याचं विरजण वाडीत कधी तुटलं नव्हतं.

पण गंमत अशी, की विरजण कुणी आपल्या घरात ठेवायचं नाही, असा नियम होता. सूर्य टेकला की ज्याची पाळी असेल त्याच्या घरी सगळे जमायचे. येताना प्रत्येकजण तांब्याभर दूध आणायचा. आधी प्रार्थना. मग सगळ्यांचं दूध एकाच मडक्यात, आणि त्यात आदल्या दिवसाच्या दह्याची एक वाटी. सकाळी सगळे पुन्हा यायचे, प्रभूचे आभार मानायचे, आपापल्या वाट्याचं दही न्यायचे आणि दुपारपर्यंत खाऊन टाकायचे. उरायची ती फक्त एक वाटी. ती पुढच्या घरी जायची.

म्हातारे म्हणायचे, "ज्याच्या घरात स्वतःचं विरजण, त्याला शेजाऱ्याचं दार लांब वाटायला लागतं."

आणखी एक होतं. बैठकीत ज्याची त्याची जागा ठरलेली असायची. एखादी जागा रिकामी दिसली, की आमेन झाल्याबरोबर कुणीतरी उठायचं आणि त्या माणसाच्या घरी जाऊन बघायचं. ताप असेल, भांडण असेल, नाहीतर नुसती झोप लागलेली असेल. पण बघायचं.

तर या बैठकीत गमल्या म्हणजे राजा होता. आईबाप देवाघरी गेलेले, घरात तो आणि भुरी नावाची म्हैस, पण आवाज असा की घंटा वाजावी. तो प्रार्थनेला उभा राहिला की आकाशापासून सुरुवात करायचा. मग सूर्य, चंद्र, तारे, सगळे डोंगर नावानिशी, मग नोहाचं तारू, तारवातली जनावरं, मग आजूबाजूचे राजे. तान्ही पोरं झोपायची. एकदा वडीलबाबाही झोपले होते. वडीलबाबा म्हणजे वाडीचे थोर, बैठक चालवणारे. जागे झाल्यावर ते म्हणाले, "काय प्रार्थना केली पोरानं, वा!"

हे सगळं छान चाललं होतं. मग तबी आली.

तबी म्हणजे तबिथा. डोंगरापलीकडची, नवरा वारलेला, मागेपुढे कुणी नाही. डोक्यावर एक गठुडं घेऊन आली आणि म्हणाली, "सलाम. मला राहायला जागा मिळेल का?" वाडीनं तिला आंधळ्या मार्थाआजीच्या शेजारची पडकी खोली दिली. तिनं ती सारवली, झाडली आणि पहिल्याच संध्याकाळी बैठकीत उभी राहून प्रार्थना केली.

"बापा, घरात मीठ नाही. तुला माहीतच आहे. आमेन."

बसली खाली. झाली प्रार्थना!

गमल्याला हसू आलं. मीठ! ज्यानं समुद्र केला त्याच्याकडे ही बाई मीठ मागते! पण त्यानं आजूबाजूला बघितलं तर कुणीच हसत नव्हतं. बैठक संपली आणि तीन दारांतून तबीकडे मीठ गेलं.

मग हे रोजचंच झालं. "बापा, आजीचं दार नीट लागत नाही. आमेन." दुसऱ्या दिवशी लेव्या करवत घेऊन हजर. "बापा, आज मला फार एकटं वाटलं. आता नाही वाटत. आमेन." बायकांनी डोळे पुसले. मग बाकीचेही तसंच बोलायला लागले. ज्याला कधी तोंड फुटलं नव्हतं, तो म्हातारा गुराखी उभा राहिला आणि म्हणाला, "बापा, माझं आणि भावाचं पटत नाही. काय करू?" आणि भाऊ समोरच बसलेला! दोघं रडले काय, गळ्यात पडले काय.

आणि गमल्याच्या प्रार्थनेला? नोहाच्या तारवात अजून हत्ती चढायचे होते, तेवढ्यात वडीलबाबा हळूच म्हणाले, "बाळ, जरा आवर. तबीला बोलू दे."

तबीला बोलू दे!

गमल्याच्या काळजात काटा गेला तो गेलाच. त्याला तबीचं सगळं खुपायला लागलं. तिचं चालणं खुपे, तिचं हसणं खुपे, तिच्या पाळीला दही जरा जास्त घट्ट लागे तेही खुपे. बायका म्हणायच्या, "तबीच्या हाताला गुण आहे गं." झालं, गमल्याचं जेवण कडू. रात्री कूस बदलत तो देवालाच विचारायचा, "तुझ्यासाठी मी एवढे डोंगर पाठ केले, आणि तू मिठाच्या मागे धावतोस?"

लेव्याला हे सगळं कळत होतं. म्हणून तर त्यानं चिडवायला ती पैज लावली. त्याला वाटलं, गडी हसेल आणि विसरेल. पण जळणाऱ्या माणसाला थट्टा कळत नाही, हे त्याला कुठे ठाऊक!

दुसऱ्या दिवशी सकाळी गमल्यानं आपल्या वाट्याचं दही खाल्लं नाही. एका गाडग्यात भुरीचं दूध कोमट केलं, त्यात ते दही घातलं, आणि गाडगं कडब्याच्या गंजीखाली लपवलं. वाडीत पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरात स्वतःचं विरजण राहिलं.

भुरी रवंथ करत बघत होती. ती म्हणाली, "हे काय?"

"तुला काय करायचंय? तू चारा खा."

"चारा खाते म्हणूनच विचारते. दूध माझं आहे," भुरी म्हणाली आणि गप्प बसली. कामापुरतंच बोलायची ना.

संध्याकाळी गमल्या बैठकीला गेला नाही. घराचं दार लावलं, मधोमध उभा राहिला आणि आकाशापासून सुरुवात केली. अजून चंद्रावरच होता, तेवढ्यात दार वाजलं. बाहेर तबी. हातात ओव्याची पुडी.

"जागा रिकामी दिसली म्हणून आले रे. पोट दुखतंय का?"

पोट तर दुखतच होतं, पण ते ओव्यानं थांबणारं नव्हतं. "मी एकांतात प्रार्थना करतोय," गमल्या फणकाऱ्यानं म्हणाला. "मोठ्या प्रार्थना एकांतातच होतात."

"बरं बरं," तबी म्हणाली. "ओवा राहू दे तरी. आणि लवकर ये हं."

गमल्या एकांतात बसलाय, ही बातमी वाडीभर झाली. काहींना कौतुक वाटलं. दुसरं कुणी बघायला आलं की तो आतूनच मोठमोठ्यानं "हे सर्वसमर्थ प्रभो!" म्हणायचा, की माणूस पाय न वाजवता परत. गाडग्यातलं दही तो रोज नव्या दुधाला लावत होता. चांगलं लागत होतं. त्याला वाटलं, जिंकलोच.

मग तबीची पाळी आली. आज खरा सामना.

गमल्यानं आपलं गाडगं लावलं. पण घरात त्याचा पाय ठरेना. बघू तरी काय चाललंय म्हणून तो तबीच्या खोलीमागे गेला आणि भिंतीच्या फटीला डोळा लावला. आत दिवा होता, सगळे गोल करून बसले होते. त्याच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. मधोमध मडकं, शेजारी सगळ्यांचे दुधाचे तांबे आणि विरजणाची वाटी.

तबी उभी राहिली. "बापा, गमल्याची जागा रिकामी आहे. त्याच्या प्रार्थनेत सगळे डोंगर येतात, ते मला आवडतं. तो नाही तर इथे डोंगरच नाहीत. त्याला पाठव ना. आमेन."

सगळ्यांनी केवढ्या मनापासून आमेन म्हटलं!

एखादा शहाणा असता तर तिथल्या तिथे दारातून आत गेला असता. पण हेवा माणसाच्या कानात बसलेला असला की गोड शब्दही आत जाताना तिखट होतो. गमल्याला वाटलं, ही माझी कीव करते! चारचौघांत! माझ्या नावानं प्रार्थना करून स्वतःच मोठी होते!

सगळ्यांचं दूध मडक्यात गेलं, त्यात विरजणाची वाटी पडली आणि माणसं पांगली. तबी मडकं गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवून मार्थाआजीला हात धरून घरी सोडायला गेली. शेजारीच जायचं होतं, पण आजीला उशी नीट करून द्यायची, पाणी भरून ठेवायचं, चार शब्द बोलायचे, यात तिचा वेळ जायचा.

चुलीत निखारे लाल होते.

गमल्या आत शिरला. गोधडी सोडली. मडकं उचललं आणि निखाऱ्यांवर ठेवलं. दुधाला वाफ सुटली, कडेनं बुडबुडे आले, तरी तो हलला नाही. मग फडक्यानं धरून मडकं खाली ठेवलं, तसंच गोधडीत गुंडाळलं आणि पसार झाला.

विरजण लावलेलं दूध उकळलं की काय होतं, हे तुमच्या आईला विचारा.

सकाळी सगळे वाट्या घेऊन तबीच्या दारात आले. आभाराची प्रार्थना झाली. तबीनं हसत झाकण काढलं, आणि तिचं हसू गेलं. मडक्यात हिरवट पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. दूध फाटलं होतं.

माणसं मडक्यावर वाकली. मग एक म्हातारी रडायलाच लागली. "माझ्या पणजीनं डोक्यावर आणलेलं दही गं हे. तुटलं की!"

"मी... मी रोजच्यासारखंच केलं होतं," तबी म्हणाली. तिनं मडक्यात बोट घालून बघितलं, परत बघितलं. "रोजच्यासारखंच केलं."

गमल्या सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याच्या घरात, कडब्याखाली, तेच दही घट्ट लागून बसलं होतं. एक शब्द बोलला असता तर वाडीचं विरजण वाचलं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, तुझ्याकडे कसं? एका प्रश्नातून दुसरा प्रश्न निघाला असता. तो बोलला. पण भलतंच बोलला.

"देव उगाच कुणाच्या घरचं दूध फाडत नाही," तो म्हणाला.

हळू आवाजातच म्हणाला. पण असलं वाक्य हळू म्हटलं तरी लांब जातं. संध्याकाळपर्यंत ते पाणवठ्यावर होतं. "तिच्याच घरी कसं झालं?" "बाहेरची आहे ना. काय ठाऊक मागे काय करून आली." "नवरा का गेला, कुणी विचारलं का कधी?" परवापर्यंत जिच्या हाताला गुण होता, तिच्या हाताचं पाणीसुद्धा काहीजणी टाळायला लागल्या.

लेव्याला गमल्यानं आपलं गाडगं दाखवलं. "बघ, कवडी दही! पण कुणाला बोलायचं नाही हं. काढ शेण."

लेव्यानं दही बघितलं, गमल्याकडे बघितलं. मुकाट्यानं फावडं उचललं. शेण काढून झाल्यावर म्हणाला, "जिंकलेला माणूस हसतो रे. तू हसत का नाहीस?"

इकडे बायकांनी विरजणाऐवजी दुधात मिरचीची देठं घालून घरोघरी दही लावायला सुरुवात केली. लागलंही. जरा चिकट, पण लागलं. आता प्रत्येकाच्या घरात प्रत्येकाचं विरजण. मग संध्याकाळी तांब्या घेऊन कशाला जायचं? आज एक आला नाही, उद्या दुसरे दोघं. जागा इतक्या रिकाम्या दिसायला लागल्या, की कुणी कुणाकडे बघायला जायचं? वडीलबाबा काही दिवस एकटेच हाक मारत फिरले, मग त्यांचाही घसा बसला. शेवटी बैठकीला दोघीच उरल्या, तबी आणि मार्थाआजी. आणि मग तबीनंही जायचं सोडलं. तिला वाटलं, आपल्यामुळेच लोक येत नाहीत.

म्हणजे गमल्याला हवं होतं तेच झालं की नाही? तबीची प्रार्थना बंद. आता वाडीत त्याच्या तोडीचं कुणी नाही. तो ऐटीत घराच्या मधोमध उभा राहायचा आणि आकाशापासून सुरुवात करायचा.

पण ऐकायला कुणी नसलं की आकाश फार लवकर संपतं. डोंगरांची नावं भिंतीवर आपटून परत यायची. नोहाच्या तारवात दोन जनावरं चढली की गमल्याला कंटाळा यायचा. पूर्वी कुणाचा ताप, कुणाचं भांडण, कुणाची गाभण म्हैस कानावर पडायची, त्यासाठी चार शब्द बोलता यायचे. आता त्याला कुणाचं काही माहीतच नव्हतं. उरलं काय? मला दे, माझं बघ, मीच बरोबर. तेही किती वेळा म्हणणार?

आणि गाडग्याचंही बिनसलं. आधी दही आंबट झालं. मग इतकं आंबट, की जिभेला करवत लागावी. मग त्याला तार सुटली. एके दिवशी झाकण काढलं तर वर हिरवी-गुलाबी बुरशी. गमल्यानं ते कुत्र्यापुढे ठेवलं. कुत्र्यानं वास घेतला, गमल्याच्या तोंडाकडे बघितलं आणि निघून गेलं.

भुरी म्हणाली, "माझं दूध तिकडे सगळ्यांच्या दुधात जायचं, तेव्हा बरं होतं. इथे एकटंच सडतंय."

"दह्याचं बोलतेस की माझं?" गमल्या खेकसला.

"मी म्हैस आहे. मी दुधाचंच बोलणार," भुरी म्हणाली.

एका दुपारी गमल्याला राहवेना. कुणीतरी आपली प्रार्थना ऐकलीच पाहिजे! त्यानं विचार केला, मार्थाआजी. आंधळी आहे, घरातच असते, उठून कुठे जाणार? तिला सगळे डोंगर ऐकवू. तो तिच्या दारात गेला. "आजी, सलाम!"

आतून आवाज नाही. मग परसातून आला, अगदी बारीक. "कोण आहे?"

आजी सरपणाच्या ढिगाशेजारी पडली होती. एक पाय विचित्र वळलेला, ओठ सुकलेले, तोंडावर ऊन.

"आजी! कधी पडलीस?"

"सकाळी. काटक्या घ्यायला आले आणि पाय सटकला. हाका मारल्या रे. सगळे आपापल्या घरात."

गमल्यानं धावत पाणी आणलं. आजीनं घोट घेतला, हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला. "गमल्या ना तू?"

"हो."

"सकाळपासून एकच प्रार्थना चाललीय माझी. बापा, कुणाला तरी धाड. कुणालाही चालेल." आजी हसली. "आणि बघ, तुला धाडलं."

देव तरी काय! अख्ख्या वाडीत पाठवायला हाच एक सापडला?

"आधी मला वाटलं, संध्याकाळ होऊ दे, बैठकीत माझी जागा रिकामी दिसेल," आजी म्हणाली. "मग आठवलं, बैठक आता असते कुठे? तबी रोज सकाळी यायची, पण ती काल रात्री निरोप घेऊन गेली. आज जाणार म्हणाली, डोंगरापलीकडे. पुन्हा भेटायला आले तर पाय निघणार नाही म्हणाली. पोरीचं तिकडेही कुणी नाही रे."

गमल्या उठला. "लेव्या! अरे लेव्या! कुणीतरी या रे!" त्याचा तो घंटेसारखा आवाज पहिल्यांदाच खऱ्या कामाला आला. दारं उघडली. लेव्या पळत आला. दोघांनी आजीला बाजल्यावर घातलं आणि शेजारी तबीच्या दारात नेलं, कारण आजीला सांभाळायची सवय तिलाच होती.

तबी सकाळपासून पाणवठ्यावर धुणं धूत होती; आत्ताच परतून खोलीला कडी घालत होती. डोक्यावर गठुडं, जसं येताना होतं तसंच. आजीला बघितल्याबरोबर तिनं गठुडं खाली टाकलं आणि एक लुगडं ओढून टराटरा फाडलं. आजीचा पाय काटकीला बांधला, चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं.

वाडी गोळा झाली. बऱ्याच दिवसांनी सगळे एका ठिकाणी होते, आणि कुणाला कुणाकडे बघवत नव्हतं. "सकाळपासून पडलीय म्हणे." "आणि आपल्याला पत्ता नाही." "मी तर मागच्याच वाटेनं गेलो होतो..."

वडीलबाबा दाराशी टेकले. म्हणाले, "प्रार्थना करू या. फार दिवस झाले." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. तबी पाठ करून चुलीशी बसली होती. "गमल्या बाळ, आजीला तू शोधलंस. तुझा आवाजही मोठा आहे. तू कर. आज कुणी थांबवणार नाही. कितीही लांब कर."

बघा! ज्यासाठी जीव जाळला होता, ते आयतं हातात आलं. सगळ्यांनी डोळे मिटले, हात जोडले. सगळी वाडी त्याच्याच आवाजाची वाट बघत होती. फक्त तबीनं डोळे मिटले नव्हते. ती निखाऱ्यांकडे बघत बसली होती.

"आकाशातल्या बापा," गमल्यानं सुरुवात केली.

पुढे सूर्य यायला हवा होता. आला नाही. चंद्रही आला नाही. डोंगरांची नावं पाठ होती, एकही सुचेना. माणसं थांबली होती. एका पोरानं एक डोळा किलकिला करून बघितलं.

"बापा," गमल्या म्हणाला, "दूध मी फाडलं."

सगळ्यांचे डोळे उघडले.

"तबीनं काही केलं नव्हतं. ती आजीला सोडायला गेली, तेव्हा मी मडकं निखाऱ्यावर ठेवलं. विरजण माझ्या घरी होतं, मी लपवलं, तेही सडलं. देवानं दूध फाडलं असं मीच म्हणालो. तुझ्यावरही मीच खोटा आळ घातला. तिची प्रार्थना तू ऐकायचास, म्हणून मला हेवा वाटला. एवढंच. आमेन."

त्याच्या मागून आमेन म्हणायला कुणी धजेना. शेवटी बाजल्यावरून मार्थाआजीचा आवाज आला, "आमेन."

तबी वळली. तिचे डोळे लाल होते, धुराचे की कशाचे कोण जाणे. "मला वाटत होतं," ती म्हणाली, "देवच माझ्यावर रुसला. तू रुसलास हे चाललं असतं रे. देव रुसला म्हटल्यावर माणसानं राहायचं कसं?"

गमल्या पुढे आला. तो खाली मान घालून तिच्यापुढे उभा राहिला, आणि तिथून पळाला नाही.

वडीलबाबांनी त्याच संध्याकाळी त्याला तबीचंच रिकामं मडकं देऊन डोंगरापलीकडे पाठवलं, वाडवडिलांच्या गावी, दारोदार जाऊन विरजण मागायला आणि का मागतोय ते प्रत्येक दारात खरं खरं सांगायला. त्यानं ते सांगितलं आणि विरजण मिळवलं. तबीनं गठुडं सोडलं आणि ती तिथेच राहिली. गमल्या परत येईपर्यंत वाडी जुनं विरजण नसतानाही रोज बैठकीला जमत राहिली, आणि त्याच्या जागेवर कुणी बसलं नाही.

म्हणून लक्षात ठेवा: देवावर भरवसा म्हणजे रोज त्याच्याशी खरं बोलणं आणि रोज एकमेकांत बसणं; आणि हेव्यापोटी जो दुसऱ्याचं दूध नासवतो, त्याचं स्वतःचंही गाडगं सडतं.